इंजेक्टरची मोटारसायकल : दोष शोधण्याची क्रमवार रीत

पहाटे दूध संकलन केंद्र गाठणारा उत्पादक, तालुक्याच्या बाजारात भाजीपाला नेणारा शेतकरी, वाड्यावस्त्यांवर फिरणारी आरोग्यसेविका, या सर्वांच्या दैनंदिन व्यवहारात मोटारसायकलीने आज मोठे स्थान मिळविले आहे. एखाद्या सकाळी ती सुरू झाली नाही, तर दूध नासते, बाजार चुकतो आणि दिवसाची मिळकत बुडते. त्यातच दोष नेमका कोठे आहे हे न पाहता सुटे भाग बदलण्यात आले, तर खर्च वाढतो आणि गाडी मात्र उभीच राहते.

देशात १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज-६' ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली. तेव्हापासून बहुतेक नव्या पेट्रोल दुचाकींतून कार्बोरेटर नाहीसा झाला व त्याची जागा इंधन-अंतःक्षेपण पद्धतीने, म्हणजेच बोलीभाषेतील 'एफ.आय.' किंवा इंजेक्टरने घेतली. जुन्या गाडीत चोक ओढणे, रिझर्व्हचा कॉक फिरविणे, जेट साफ करणे हे उपाय कामी येत. नव्या गाडीत यांपैकी काहीच नसते. त्यामुळे दोष शोधण्याची रीतही बदलणे क्रमप्राप्त आहे.

रचना कशी असते?

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरत असे. इंजेक्टरच्या गाडीत टाकीच्या आत विजेवर चालणारा एक लहान पंप असतो. तो पेट्रोल दाबाने इंजेक्टरकडे पाठवितो. टायरच्या हवेच्या मापात सांगावयाचे, तर अनेक गाड्यांत हा दाब ४३ पौंडांच्या आसपास असतो. इंजेक्टर किती क्षण उघडावयाचा व प्लगने ठिणगी केव्हा टाकावयाची, हे 'ई.सी.यू.' या नावाचा छोटा संगणक ठरवितो. इंजिनाचे तापमान, ॲक्सिलरेटरची स्थिती, क्रँकची गती यांची माहिती त्याला निरनिराळे संवेदक, म्हणजे सेन्सर, पुरवितात.

पंप, इंजेक्टर, संगणक आणि ठिणगी या चारही गोष्टी विजेवर अवलंबून आहेत. म्हणूनच तपासणीचा आरंभ पेट्रोलपासून न करता विजेपासून करणे श्रेयस्कर ठरते.

प्रथम साध्या गोष्टी

हँडलवरील इंजिन बंद करण्याचा खटका चुकून दाबला गेला आहे काय, हे आधी पाहावे. अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असताना व गाडी गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होत नाही; तेव्हा स्टँड वर घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. गाडी आडवी पडली असल्यास कलंडल्याची नोंद घेणारा सेन्सर इंजिन बंद करतो. अशा वेळी गाडी सरळ उभी करून किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू केली, की अनेकदा काम भागते. टाकीत पेट्रोल पुरेसे आहे ना, हेही पाहावे. टाकीतील पंप पेट्रोलमुळेच थंड राहत असल्याने सतत तळाशी गेलेल्या पेट्रोलवर गाडी चालविणे त्याला मारक ठरते.

सेल्फचा आवाज काय सांगतो?

सेल्फ दाबल्यावर नुसती 'कट्कट्' झाली किंवा इंजिन जड फिरले, तर बॅटरी उतरलेली असण्याचा अथवा तिची टोके सैल वा गंजलेली असण्याचा संभव अधिक. विश्रांतीच्या अवस्थेत चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ च्या खाली असेल, तर बॅटरी प्रथम चार्ज करावी. सेल्फ फिरत असताना हा दाब १० व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकलेली समजावी. बॅटरी पार उतरली असल्यास गाडी ढकलूनही सुरू होईल याचा भरवसा नसतो, कारण पंपाला व संगणकाला चालण्यास वीज लागते.

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशी स्थिती असेल, तर किल्ली चालू करून कान द्यावा. टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. ती आली नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले व वायरिंग तपासावे. उंदराने वायर कुरतडल्याची उदाहरणे गोठ्यात वा पडवीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आढळतात. घरघर येते, पण इंजिन चालत नाही, तर मिस्त्रीकडून इंधनाचा दाब गेजने मोजून घ्यावा. पंपाची जाळी कचऱ्याने तुंबलेली असू शकते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरण्याचा धोका असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते. ते जास्त झाले, की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप नेमके तेच ओढतो.

दिव्याची भाषा

किल्ली चालू करताच इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. किल्ली फिरवूनही तो लागलाच नाही, तर संगणकाला वीज पोहोचत नसल्याची शंका घ्यावी. तो लागून राहिला किंवा लुकलुकू लागला, तर संगणकाने दोष नोंदविला आहे असे समजावे. काही गाड्यांत लांब लुकलुक दहाची व आखूड लुकलुक एककाची, असा सांकेतिक क्रमांक मोजता येतो. इतर गाड्यांत तो यंत्र जोडून वाचावा लागतो. क्रँकचा सेन्सर निकामी झाल्यास ठिणगी व इंधन दोन्ही थांबतात. याउलट सायलेन्सरच्या नळीवरील ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यास दिवा लागतो, परंतु गाडी सहसा सुरू होते. तेव्हा क्रमांक दिसताच सेन्सर बदलण्याची घाई न करता, आधी त्याची जोडणी व वायर तपासावी.

काही दक्षता

गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटर पिळू नये. वारंवारच्या प्रयत्नांनी पेट्रोल अधिक साचले असल्यास मात्र तो पूर्ण उघडून पाच सेकंद सेल्फ फिरवावा. दाबाखालील इंधननळी घरी सोडू नये. पेट्रोलचा फवारा उडून आग लागू शकते. बॅटरीची टोके उलट जोडल्यास संगणक जळण्याचा धोका असतो. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढून ठेवावी. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तपासणीपूर्वी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

या तपासणीस मोठ्या कारखान्याची आवश्यकता नाही. व्होल्ट मोजण्याचे मीटर, इंधनदाबाचा गेज व दोष-क्रमांक वाचण्याचे यंत्र एवढी साधने गावातील गॅरेजमध्ये असली, तर बराच दोष तेथेच उमगतो. कार्बोरेटरवर हात बसलेल्या कारागिरांनी ही साधने हाताळण्याचे शिक्षण घेतल्यास त्यांचा व्यवसाय टिकेल आणि गिऱ्हाइकाचा पैसाही वाचेल. वाहनधारकानेही गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका जपून ठेवावी आणि मिस्त्रीकडे जाताना सेल्फ कसा फिरतो, पंपाचा आवाज येतो का व दिवा कसा लागतो, या तीन गोष्टी सांगाव्यात. निम्मे निदान त्यातच होते.