चाक चढले म्हणजे जुळले नव्हे



बैलगाडीचे चाक निकामी झाले म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचे चाक आणून कोणी तसेच चढवीत नाही. सुतार आधी आख पाहतो, तुंब्याचे भोक पाहतो, दोन्ही चाकांची उंची ताडून पाहतो आणि मगच कामाला हात घालतो. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र हे शहाणपण घरी ठेवून आपण तालुक्याच्या भंगार बाजारात जातो. ‘याचे चाक त्याला बसते’ एवढ्या बोलण्यावर सौदा होतो. त्याच गाडीवर पहाटे डेअरीला दूध जाते आणि बाजारच्या दिवशी घरधनीण व लेकरू बसते. म्हणून हा विषय सविस्तर सांगावासा वाटला.

दुसऱ्या गाडीचे चाक घालण्याची वेळ का येते, हे उघड आहे. येझदी बनविणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. राजदूतही केव्हाच बंद झाली. पण गाड्या अजून गावोगाव चालतात. रिम गंजते, हबमधले बेअरिंगचे घर झिजते, जुन्या मापाचा टायर मिळत नाही. कोणाला रुंद टायर हवा असतो, तर कोणाला बाभळीच्या काट्यांना कंटाळून ट्यूबलेसचे चाक हवे असते. गरज खरी आहे. ती भागविण्याची रीत तेवढी नीट हवी.

आधी टायरवरचे आकडे वाचा

जुन्या बुलेट ३५० ला पुढे-मागे ३.२५-१९ मापाचे टायर असत. म्हणजे रुंदी सव्वातीन इंच आणि रिम १९ इंची. नव्या पद्धतीत ९०/९०-१९ असे लिहितात. रुंदी ९० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि रिम १९ इंची. हिशेब केला तर पहिल्याची एकूण उंची ६४८ मिलिमीटर येते आणि दुसऱ्याची ६४५. फरक नगण्य आहे.

आता सुरुवातीच्या क्लासिक ३५० चा मागचा टायर घ्या. माप ११०/९०-१८, उंची ६५५ मिलिमीटर. उंची जवळपास जुळली. पण रुंदी ८३ वरून ११० वर गेली. दोन्ही बाजूंना तेरा-चौदा मिलिमीटर जागा जास्त लागणार. ती चेनच्या बाजूला आणि मडगार्डमध्ये आहे का, हे आधी मोजावे. टायर चेनला घासला तर तो कापला जातो, आणि ते भर रस्त्यात कळते.

उंची बदलली तर आणखी गोष्टी बदलतात. जुन्या जावाला ३.२५-१६ चे चाक असे. तिला मागे ३.२५-१८ चे चाक घातले तर उंची साडेबावीस इंचांवरून साडेचोवीस होते. एका फेऱ्यात गाडी सुमारे ९ टक्के जास्त पुढे जाते, म्हणजेच भरल्या ओझ्याने चढावर तिची ओढ तितकी कमी पडते.

मापाच्या शेवटी भाराचा आकडा असतो. ५२ असेल तर त्या टायरची कमाल ताकद २०० किलो, ६२ असेल तर २६५ किलो. चाळीस लिटरच्या दोन कॅनमधले नुसते दूधच ८० किलोच्या वर भरते, हे ध्यानात ठेवा. जुना टायर घेताना त्यावरचे चार अंकही पाहा. २३१९ म्हणजे तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे.

खरा धोका ब्रेकमध्ये

ड्रम ब्रेकची प्लेट एका जागी पक्की धरून ठेवणारा दांडा किंवा खाच असते. परक्या चाकाची प्लेट आपल्या गाडीच्या खाचेत बसत नाही, तेव्हा काही ठिकाणी ती तारेने आवळतात. हे कदापि करू देऊ नका. ब्रेक दाबताच चाकाचा सगळा जोर त्या प्लेटवर येतो. ती सुटून फिरली तर केबल किंवा रॉड गुंडाळला जातो, चाक जागच्या जागी जाम होते आणि माणूस पुढे फेकला जातो.

पुढे डिस्कचे चाक घालायचे तर कॅलिपर बसविण्याची जागा असलेला फोर्क लागतो. जुन्या फोर्कवर वेल्डिंग करून पट्टी जोडू नये. मागच्या चाकाचा ब्रेक कोणत्या बाजूला आहे, हेही पाहावे. जुन्या बुलेटचा ब्रेक पेडल डाव्या पायाला असे. अॅक्सलची जाडी व्हर्नियरने मोजावी. वॉशर एकावर एक रचून जागा भरू नये. लेथवर पोलादाचा बुश नेमका करून घ्यावा.

सुरक्षित तोड

माझा सल्ला असा की, हब आपल्याच गाडीचा ठेवावा आणि बदल फक्त रिम व स्पोकमध्ये करावा. ब्रेक, बेअरिंग, चेनचे चक्र आणि अॅक्सल हे सगळे हबशी बांधलेले असते. तो तोच राहिला तर निम्म्याहून अधिक अडचणी उद्भवतच नाहीत. रिमची भोके हबच्या भोकांइतकीच हवीत. बहुधा ती ३६ किंवा ४० असतात. १९ ची रिम १८ केली तर स्पोक आखूड लागतात. ते योग्य लांबीचे नवे घ्यावेत, जुने कापून आटे पाडू नयेत.

चाक बांधून आऊट काढल्यावर पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारा. नाद सारखा यायला हवा. बद्द वाजला तो स्पोक सैल समजावा. मग मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या. पुढचे चाक सरळ ठेवल्यावर दोन्हीकडची फट सारखी हवी. दोन-चार दिवस रिकामी गाडी चालवून स्पोक पुन्हा तपासा आणि मगच ओझे घाला.

ट्यूबलेसविषयी एवढेच की, साध्या स्पोकच्या रिमवर ट्यूबशिवाय टायर घालू नये. स्पोकच्या भोकांतून हवा निघून जाते. मॅगव्हीलमध्ये ती अडचण नाही, पण खड्ड्यात आपटून त्याला तडा गेला तर स्पोक आवळून ते सरळ होत नाही.

कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच प्रश्न काढू शकते.

भंगारात जाताना टेप, व्हर्नियर आणि आपल्या जुन्या चाकाची मापे लिहिलेला कागद खिशात असू द्या. दुकानदार ‘बसेल हो’ म्हणेल. तुम्ही मोजून पाहा. न जुळणारे चाक दुकानातच राहिले तर तुमचा एक हेलपाटा फुकट जाईल इतकेच. तेच गाडीला लागले तर किंमत मागे बसणाऱ्यालाही मोजावी लागते.