पिस्तुलाचे रिक्तीकरण व सफाई

पिस्तुलाचे रिक्तीकरण व सफाई : अर्धस्वयंचलित पिस्तुलातील सर्व काडतुसे काढून ते निर्धोक करणे, सफाईपुरते त्याचे प्रमुख भाग सुटे करणे, ते स्वच्छ करून पुन्हा जोडणे, या क्रियांचा समुच्चय. चाप एकदा ओढला असता एकच गोळी सुटते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाऊन पुढील काडतूस आपोआप नळीच्या कोठीत भरले जाते, अशा पिस्तुलास अर्धस्वयंचलित म्हणतात. व्यवहारात त्याला ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘ऑटो’ म्हणण्याची प्रथा असली, तरी चाप दाबून धरल्याने त्यातून सलग गोळ्या सुटत नाहीत.

या वर्गातील प्रातिनिधिक पिस्तूल म्हणून ९ मिमी. ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाचा विचार येथे केला आहे. अमेरिकन शस्त्रसंशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी त्याच्या आराखड्याचा आरंभ केला व त्यांच्या मृत्यूनंतर बेल्जियममधील फाब्रिक नासिओनाल या कारखान्यातील द्यूदोने सॅव्ह यांनी तो पूर्ण केला. बेल्जियमच्या सेनेने १९३५ साली त्याचा स्वीकार केला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील इंग्लिस कंपनीने त्याचे उत्पादन केले. भारतात पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात याच घडणीचे पिस्तूल ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी. १-ए’ या नावाने तयार झाले व ते सेनादले आणि पोलीस यांच्या वापरात आले. त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात. नळीची लांबी सु. ११·८ सेंमी. असून रिकाम्या पिस्तुलाचे वजन एक किग्रॅ.च्या आसपास असते.

रचना व कार्य : पिस्तुलाचे चार मुख्य भाग असतात. मूठ, चाप व घोडा धारण करणारी चौकट. तिच्यावरील खोबणींतून पुढे-मागे सरकणारी स्लाइड. स्लाइडच्या आत बसणारी नळी. आणि मुठीच्या पोकळीत खालून बसविले जाणारे मॅगझिन. गोळी सुटताच नळी व स्लाइड परस्परांत गुंतलेल्या अवस्थेत काही मिमी. मागे सरकतात. नळीच्या तळाशी असलेल्या तिरप्या खाचेमुळे नळीचे मागील टोक खाली झुकते व स्लाइड मोकळी होऊन आणखी मागे जाते. या हालचालीत पुंगळी बाहेर पडते व घोडा ताणला जातो. नंतर नळीखालील स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येते आणि येता येता मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस कोठीत ढकलते.

या कार्यपद्धतीतच अपघाताचे मूळ आहे. काडतुसे पिस्तुलात दोन ठिकाणी असू शकतात : मॅगझिनमध्ये व कोठीत. मॅगझिन काढून घेतल्याने कोठीतील काडतूस जात नाही. ‘रिकामे’ समजल्या गेलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्याचे हे नेहमीचे कारण होय. हाय-पॉवर पिस्तुलात मॅगझिन काढल्यावर चाप निष्क्रिय करणारी योजना आहे. परंतु ती सर्व पिस्तुलांत नसते, झिजू शकते आणि काही ठिकाणी मुद्दाम काढून टाकलेली आढळते. म्हणून तिच्यावर विसंबून राहू नये.

रिक्तीकरण : प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे, असे समजून ते हाताळावे. नळीचे तोंड सतत निर्धोक दिशेला ठेवावे. घराची भिंत किंवा पातळ छत ही निर्धोक दिशा नव्हे; पोलीस ठाणी व लष्करी तळ येथे या कामासाठी वाळू भरलेली पेटी ठेवण्याची पद्धत आहे. बोट चापावर न ठेवता चौकटीच्या कडेला सरळ ठेवावे.

प्रथम डाव्या बाजूची कळ दाबून मॅगझिन काढावे व दूर ठेवावे. नंतर सुरक्षा खटका खाली करावा, कारण तो लावलेला असताना स्लाइड मागे ओढता येत नाही. मग स्लाइड पूर्ण मागे ओढून कोठीतील काडतूस बाहेर पाडावे आणि स्लाइड-अडसर वर ढकलून स्लाइड मागेच अडकवून ठेवावी. कोठी व मॅगझिनची पोकळी प्रकाशात डोळ्यांनी पाहावी. तसेच कोठीत करंगळीचे टोक घालून ती रिकामी असल्याची खात्री करावी. केवळ काडतूस बाहेर पडताना दिसले, हा पुरावा पुरेसा नाही.

हा क्रम उलटा करता कामा नये. मॅगझिन जागेवर असताना स्लाइड आधी ओढली, तर कोठीतील काडतूस बाहेर पडते खरे. पण स्लाइड पुढे येताच मॅगझिनमधील दुसरे काडतूस तिची जागा घेते. त्यानंतर मॅगझिन काढणाऱ्यास पिस्तूल रिकामे झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ते भरलेले असते. सफाईच्या जागी एकही काडतूस असू नये. काढलेली काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवणे श्रेयस्कर.

भाग सुटे करणे : कोठी पुन्हा एकदा तपासावी. स्लाइड मागे धरून सुरक्षा खटका स्लाइडच्या पुढच्या खाचेत अडकवावा. उजव्या बाजूस दिसणारे स्लाइड-अडसराच्या खिळीचे टोक आत दाबावे व अडसर डावीकडून ओढून काढावा. स्लाइड घट्ट धरून खटका सोडावा आणि ती सावकाश पुढे सरकवून चौकटीपासून वेगळी करावी. स्लाइड उलटी करून स्प्रिंग व तिची मार्गदर्शक दांडी किंचित पुढे दाबून उचलावी. स्प्रिंग ताणाखाली असल्याने ती उसळू शकते. यासाठी डोळ्यांवर चष्मा असावा. शेवटी नळी मागील टोकाकडून उचलून काढावी. नेहमीच्या सफाईस एवढे पुरे होते. आघातसळई, घोडा व चापाची यंत्रणा उघडण्याचे काम प्रशिक्षित शस्त्रकारागिराचे आहे. स्लाइड वेगळी असताना चाप ओढू नये.

सफाई : दारूच्या ज्वलनाने काजळी साचते व गोळीच्या घर्षणाने नळीतील सर्पिल खाचांत धातूचा थर चढतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटपासून नळीत पोटॅशियम क्लोराइड हे क्षार उरत असे. ते हवेतील ओलावा शोषून पोलाद गंजवीत असल्यामुळे नळी गरम पाण्याने धुण्याचा प्रघात पडला. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. आधुनिक काडतुसांत हा दोष बहुधा नसतो. तरीही कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, न वापरलेल्या पिस्तुलाचीही वेळोवेळी पाहणी करणे आवश्यक ठरते.

नळी कोठीच्या बाजूने साफ करावी, म्हणजे तोंडाच्या कडेस इजा होत नाही. विद्रावकात भिजविलेला कांस्याच्या तारांचा ब्रश काही वेळा फिरवून नंतर कापडाचे स्वच्छ तुकडे, ते काळे निघेनासे होईपर्यंत, सळईने घालावेत. भारतीय सेनेत व राष्ट्रीय छात्रसेनेत या तुकड्यांस ‘चिंदी’ म्हणतात. स्लाइडचे आतील तोंड, निष्कासकाची नखी व खोबणी मऊ ब्रशाने घासाव्यात. खोबणी, नळीचा बाह्य भाग आणि अडसराची खिळी यांवर तेलाचा पातळ थर पुरेसा असतो. जादा तेलात धूळ चिकटून लुकण बनते. ते काडतुसाच्या टोपीत झिरपल्यास काडतूस निकामी होऊ शकते. म्हणून मॅगझिन जवळजवळ कोरडे ठेवावे व गोळीबारापूर्वी नळी पुसून घ्यावी. काजळीत शिशाचा अंश असल्याने हे काम मोकळ्या हवेत करावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

जोडणी व तपासणी : भाग उलट क्रमाने बसवावेत. स्लाइड अनेकदा मागे-पुढे करून ती अडखळत नाही, हे पाहावे. निर्धोक दिशेला रोखून, सुरक्षा खटका लावलेला असता घोडा पडत नाही याची परीक्षा घ्यावी. मॅगझिन नसताना या पिस्तुलाचा चाप निष्क्रिय असल्याने, परीक्षेपूर्वी डोळ्यांनी पाहून खात्री केलेले रिकामे मॅगझिन बसवावे लागते.

भारतात अग्निशस्त्र बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक असून ९ मिमी. सैनिकी काडतुसाचे पिस्तूल सामान्य नागरिकास सहसा मिळत नाही. शस्त्र व काडतुसे वेगवेगळी, कुलपात आणि मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवणे, हा निगेचाच भाग होय. पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हाती जाताना देणाऱ्याने व घेणाऱ्यानेही कोठी उघडून पाहावी. आधी कोणी तपासले आहे, या समजुतीवर तपासणी वगळता येत नाही.