खटका सोडण्याचं कसब

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावरून रात्री भरधाव गाड्या गेल्या, की वाटतं, या पोरांना एकदा स्लॉट कारच्या शर्यतीला उभं करावं. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावानं हा खेळ बाजारात आणला. वीतभराहून लहान मोटार, तिच्या पोटाखालची खुंटी मार्गातल्या खाचेत बसते. खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते. स्टिअरिंग नाहीच. हातात फक्त एक खटका. दाबला की वेग, सोडला की गाडी मंदावते. वळणाआधी क्षणभर उशिरा सोडलात, तर गाडी खाचेबाहेर!

क्लबच्या अजिंक्यपदाच्या रात्री प्रत्येकजण पाळीपाळीनं सगळ्या खाचांवर धावतो, कारण आतलं वळण आवळ, बाहेरचं सैल. मग फेऱ्यांची बेरीज होते. मला मात्र त्यांची दुसरीच रीत आवडते. ज्याची पाळी नसते, तो वळणापाशी उभा राहून उडालेली गाडी पुन्हा खाचेत बसवतो. ती गाडी बहुधा प्रतिस्पर्ध्याची असते. दोन सेकंद रेंगाळलं, तर स्वतःचाच फायदा. तरी हात झटपट चालवायचा. (मुशायऱ्यात दुसऱ्याच्या शेराला दाद देताना आम्ही कवी इतके तत्पर नसतो.) पाळी बदलते, तो खटका हाती घेतो आणि मघाचा खेळाडू वळणापाशी येऊन उभा राहतो.