न दिसणाऱ्यांची मोजदाद

पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव! जैन घरांतील अनेकांना हा आकडा लहानपणापासून पाठ असतो. पाठशाळेच्या पुस्तकांतून तो कॅप्टन स्कोर्सबी यांच्या नावाने सांगितला जातो आणि सोबत थेंबात वळवळणाऱ्या जीवांचे ते परिचित चित्रही असते. शास्त्राची दृष्टी याहून पुढची आहे. तेथे अप्कायाचे जीव असंख्यात मानले आहेत आणि स्कोर्सबींच्या नावावरील आकड्यात केवळ हालचाल करणारे त्रस जीव धरले जातात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेबाची सवय असलेल्या मनात एक प्रश्न उभा राहतोच. मोजले कसे? थेंब केवढा होता, पाणी कोठले होते, भिंग किती शक्तीचे होते? परिमाणाशिवाय लिहिलेली रक्कम कोणत्याही वहीत मान्य होत नाही.

हाच प्रश्न आज दूध, फळांचे रस, टोमॅटो सॉस आणि बाटलीबंद पाण्याच्या व्यवसायात रोज विचारला जातो. त्याच्या उत्तरावर माल बाजारात जाणार की नाल्यात, हे ठरते. आणि नाशवंत मालाच्या व्यापारात उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावे लागते.

या विद्येचा आरंभ एका व्यापाऱ्याकडून झाला, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे अँटोनी फान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) हे कापडाचे दुकानदार होते. कापडाचे धागे तपासण्यासाठी त्या व्यवसायात भिंग वापरले जाई. लेव्हेनहूक यांनी त्याहून कितीतरी शक्तिमान भिंगे स्वतः घासून तयार केली. मिरी तिखट का लागते, या कुतूहलापोटी त्यांनी ती पाण्यात भिजत घातली आणि काही आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. त्यात त्यांना असंख्य हलणारे जीव दिसले. ऑक्टोबर १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवले. वाळूच्या कणाशी तुलना करून त्या जीवांचा आकार व संख्या यांचा अंदाजही त्यांनी बांधला. मिरी अशा रीतीने सूक्ष्मजीवशास्त्राच्या जन्माला साक्षी राहिली.

मात्र अन्नातील जिवाणूंची पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती दोन शतकांनंतर, आणि तीही सूक्ष्मदर्शकाने नव्हे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८८१ च्या सुमारास घट्ट माध्यमावर जिवाणू वाढवण्याची रीत बसवली. पुढे अगर आले, आणि १८८७ मध्ये पेट्री यांची झाकणाची काचेची बशी आली. नमुना पाण्याने पातळ करावयाचा, बशीतील माध्यमावर पसरावयाचा आणि ती उबदार कपाटात ठेवावयाची. एकेका जिवाणूपासून वाढत गेलेला ठिपका, म्हणजे वसाहत, साध्या डोळ्यांना दिसू लागली की ठिपके मोजावयाचे. ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. परंतु ठिपके दिसण्यास दोन ते तीन दिवस लागतात.

दोन दिवस म्हणजे दुधाच्या दृष्टीने एक युग झाले. बँकेतील चक्रवाढ व्याजाचे कोष्टक येथे उपयोगी पडते. एका मिलिलिटरमध्ये १,००० जिवाणू असलेले दूध न थंडावता राहिले आणि त्यांची संख्या दर अर्ध्या तासाने दुप्पट झाली, तर सहा तासांत बारा वेळा दुप्पट होऊन ती ४०,९६,००० होते. कोणत्याही सावकाराला असा दर कधी मिळाला नसेल. सिन्नर किंवा निफाड तालुक्यातील एखाद्या गावातून पहाटे निघालेले दूध रात्रीपर्यंत शहरातील घराघरांत संपलेले असते. त्याचा बशीवरील अहवाल तिसऱ्या दिवशी हाती येणे म्हणजे वटून गेलेल्या धनादेशाची सही नंतर पडताळण्यासारखे आहे.

म्हणूनच सूक्ष्मदर्शकाकडे पुन्हा वळणे भाग पडले. अमेरिकेत रॉबर्ट ब्रीड यांनी १९१० च्या सुमारास एक सोपी रीत बसवली. दुधाचा ०.०१ मिलिलिटर भाग काचपट्टीवर एक चौरस सेंटिमीटर जागेत सारखा पसरावयाचा, वाळवावयाचा, मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाने रंगवावयाचा आणि तेलभिंगाखाली पाहावयाचा. काही मिनिटांत निकाल हाती येतो. यातील अंकगणित पाहण्याजोगे आहे. भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.१६ मिलिमीटर असेल, तर त्या पसरलेल्या चौरसात अशी सुमारे ५,००० वर्तुळे मावतात. म्हणजे एका वर्तुळात दुधाच्या एका मिलिलिटरचा सुमारे पाच लाखावा भाग दिसतो. वर्तुळागणिक सरासरी एक जिवाणू दिसला, तर मिलिलिटरमागे पाच लाख!

या पद्धतीची मर्यादाही याच गणितात आहे. भारतीय मानकांनुसार मिलिलिटरमागे दोन लाखांहून कमी जिवाणू असलेले कच्चे दूध अत्युत्तम समजले जाते आणि पन्नास लाखांपुढचे निकृष्ट. निकृष्ट दूध ब्रीड पद्धतीत तत्काळ उघडे पडते. पण पाश्चरीकृत दुधासाठी अपेक्षित असलेली ३०,००० ची पातळी तपासायची असेल, तर सोळा-सतरा वर्तुळे पाहिल्यावर कोठे एक जिवाणू आढळेल. एवढ्या विरळ नोंदींवरून काढलेली सरासरी विश्वासाची राहत नाही. (डेअऱ्यांमधून रूढ असलेली मेथिलीन ब्ल्यूची नळीतली चाचणी वेगळी. तीत मोजणी नसते, निळा रंग किती वेळात उडतो हे पाहतात. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर निकृष्ट. म्हणजे दूध जितके चांगले तितकी वाट अधिक पाहायची.)

विरळ जीव मोजायचे तर आधी ते एकत्र आणावे लागतात, आणि त्यासाठी गाळणे हवे. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या शिनफील्ड येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत पेटिफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे साधले. दुधात स्निग्धांश व पेशी असल्याने ते बारीक गाळणीतून उतरत नाही. म्हणून दोन मिलिलिटर दुधात पाचक विकर ट्रिप्सिन आणि साबणासारखे एक द्रव्य मिसळून ते ५० अंशांवर दहा मिनिटे ठेवतात. नंतर ०.६ मायक्रॉन छिद्रांच्या पातळ प्लास्टिक पडद्यातून ते ओढून घेतात. जिवाणू पडद्यावर राहतात. त्यांवर अ‍ॅक्रिडीन ऑरेंज हा रंग टाकून विशिष्ट निळ्या प्रकाशात पाहिले, की काळ्या आकाशातील ताऱ्यांप्रमाणे ते चमकू लागतात. सर्व मिळून अर्धा तासही लागत नाही. ब्रीड यांच्या थेंबाच्या तुलनेत येथे दोनशे पट दूध तपासले जाते, आणि मिलिलिटरमागे पाच-सहा हजारांइतकी लहान संख्याही पकडता येते.

गाळण्याचे महत्त्व या वाचकवर्गाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. घरच्या कापडी गाळण्याची छिद्रे जिवाणूंच्या मानाने फार मोठी असतात, हे खरे. तथापि बांगलादेशात रीटा कॉलवेल व सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पिण्याचे पाणी गाळण्याचा प्रयोग केला, तेव्हा पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील मोठ्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि कापड त्या मोठ्यांना अडवते, हे त्याचे कारण.

शिनफील्डच्या पद्धतीत एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. सूक्ष्मदर्शकाला दिसतो तो जिवंत आहे की मेलेला? नारिंगी चमकणारे जिवंत व हिरवे मेलेले, असा ढोबळ ठोकताळा कच्च्या दुधात बऱ्यापैकी चालतो. पण उष्णतेने मेलेले जिवाणूही नारिंगी दिसू शकतात, त्यामुळे तापवलेल्या दुधात तो फसतो. शिवाय पुंजक्यात दहा जीव असले, तर बशीवर त्यांचा ठिपका एकच उठतो आणि भिंगाखाली दहा दिसतात. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत म्हणून एखादी प्रयोगशाळा खोटी ठरत नाही. दोघींनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. परदेशातील मोठ्या डेअऱ्यांत आता हीच चमकणाऱ्या रंगाची युक्ती वापरणारी स्वयंचलित यंत्रे जिवाणूंना एका ओळीत प्रकाशकिरणासमोरून नेतात आणि दहा मिनिटांच्या आत संख्या सांगतात. त्या यंत्रांचे आकडेही बशीच्या आकड्यांशी तुलना करूनच वापरात आणावे लागतात.

जिवंत-मेलेला हा भेद यीस्टच्या बाबतीत सोपा आहे. वाइन हा या अंकाच्या वाचकांच्या घरचा विषय नव्हे, पण नाशिकच्या द्राक्ष-अर्थकारणाचा तो आहे. किण्वन नीट चालले आहे का, हे पाहण्यासाठी रक्तपेशी मोजण्याचीच रेघांची काच वापरतात. तिच्यात ०.१ मिलिमीटर खोलीचा थर असतो. एक चौरस मिलिमीटर घरातील संख्येला १०,००० ने गुणले की मिलिलिटरमागची संख्या मिळते. मेथिलीन ब्ल्यू घातल्यावर मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण मोजणी मात्र टोमॅटोची आहे, आणि गंमत अशी की दुधात जो दोष ठरला तोच येथे गुण ठरतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर उभे राहतात. भाव चढला की प्रत्येक फळ मोलाचे होते. तो कोसळला की ऑगस्ट २०२१ प्रमाणे शेतकरी माल रस्त्यावर ओततात. अशा दिवसांत कुजका माल कवडीमोल मिळतो आणि कढईत गेल्यावर तो ओळखू येत नाही. साखर, व्हिनेगर, मसाला यांनी चव झाकली जाते, उकळीने बुरशी मरते. अशा सॉसचा नमुना बशीवर पसरला, तर जवळजवळ काहीही उगवणार नाही आणि अहवाल निष्कलंक येईल.

पण बुरशी मेली तरी तिचे धागे विरघळत नाहीत. अमेरिकेच्या रसायन विभागातील बर्टन हॉवर्ड यांनी १९११ मध्ये नेमके हेच हेरले. त्यांच्या पद्धतीत ठरावीक खोलीच्या काचेवर टोमॅटोचा नमुना ठेवून शंभरपट मोठा करून पाहतात. एका काचेवरची पंचवीस वर्तुळे तपासतात आणि निदान दोन काचा पाहतात. एखाद्या वर्तुळातील बुरशीच्या धाग्यांची लांबी, जास्तीत जास्त तीन धागे मिळून, वर्तुळाच्या व्यासाच्या एकषष्ठांशाहून अधिक भरली, तर ते वर्तुळ दोषी. शंभरांपैकी किती वर्तुळे दोषी, हा निकाल. भारतीय नियमांतही टोमॅटो सॉस व केचपसाठी दोषी वर्तुळांची मर्यादा ४० टक्के घातली गेली. मोजणारा नवखा असेल तर टोमॅटोच्या सालीचे तंतूही त्याला बुरशी वाटतात, आणि सॉस यंत्रात फार बारीक घोटला गेला तर तुटलेल्या धाग्यांमुळे आकडा बिघडतो. म्हणून हे काम सरावलेल्या माणसाकडेच द्यावे लागते. तरीही त्यासाठी लागते ते एक चांगले सूक्ष्मदर्शक आणि एक खास काच, आणि उत्तर त्याच पाळीत मिळते.

या आकड्याला नंतर खाली आणता येत नाही, हे कारखानदारांच्या लवकर लक्षात येते. बशीवरची संख्या अधिक उकळून शून्यावर नेता येते, हॉवर्डची नाही. ती कमी होते फक्त धुण्याच्या हौदापाशी आणि निवडीच्या पट्ट्यावर, जेथे डाग पडलेले फळ हाताने बाजूला काढले जाते किंवा त्याचा कुजका भाग सुरीने कापून टाकला जातो. पट्ट्याचा वेग वाढवला किंवा तेथील एक बाई कमी केली, की त्याच दिवशी दुपारच्या काचेवर दोषी वर्तुळे वाढलेली दिसतात.