शालेय कर्जरोखे, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक शाळांच्या इमारती, जमीन, क्रीडांगणे व तत्सम स्थावर सुविधांसाठी शाळा-जिल्ह्यांनी मतदारांच्या संमतीने उभारलेली दीर्घ मुदतीची कर्जे. या कर्जांची परतफेड बहुतांशी स्थानिक मालमत्ता करातून होते. त्यामुळे शाळेची इमारत कशी असावी, हा वरवर शैक्षणिक वाटणारा प्रश्न तेथे प्रत्येक घरमालकाच्या करदेयकाचा प्रश्न बनतो आणि त्यावर गावोगाव तीव्र वाद झडतात.

शाळा-जिल्हा ही संज्ञा आपल्याकडील महसुली जिल्ह्याशी निगडित नाही. तो शिक्षणापुरता स्थापन झालेला स्वतंत्र स्थानिक शासनघटक असून त्याचे निर्वाचित मंडळ, स्वतःची हद्द आणि बहुतेक राज्यांत स्वतःचा कराधिकार असतो. १९३९-४० मध्ये देशात असे सु. १,१७,००० जिल्हे होते. लहान जिल्ह्यांच्या एकत्रीकरणामुळे १९७०-७१ पर्यंत ही संख्या १८,००० च्या आत आली आणि एकविसाव्या शतकात ती सु. १३,००० वर स्थिरावली. काही जिल्ह्यांत लाखो विद्यार्थी असतात, तर काहींत शंभरही नसतात.

या रोख्यांमागे जिल्ह्याची संपूर्ण पत व कराधिकार तारण असतो. वीस ते तीस वर्षे टिकणाऱ्या इमारतीचा खर्च एकाच वर्षाच्या करदात्यांवर न लादता तो तिचा लाभ घेणाऱ्या पुढील पिढ्यांत वाटला जावा, हे कर्जामागील मूळ तत्त्व होय. १९१३ च्या संघीय आयकर कायद्यापासून राज्ये व स्थानिक संस्था यांच्या रोख्यांवरील व्याज करमुक्त राहिले असल्याने गुंतवणूकदार कमी व्याजदर स्वीकारतात. म्हणजे एखाद्या गावच्या शाळेच्या खर्चाचा काही अंश, नकळत का होईना, सबंध देशाचा करदाता उचलतो. टेक्सस राज्यात १९८३ पासून राज्याच्या कायम शालेय निधीची हमीही अशा रोख्यांना मिळू लागली. परिणामी लहान जिल्ह्यांनाही उच्च पतमानांकनाचा लाभ मिळाला.

कर्ज काढण्यापूर्वी जिल्ह्याला मतदान घ्यावे लागते. संमतीसाठी लागणारे बहुमत राज्याराज्यांत भिन्न आहे. टेक्ससमध्ये साधे बहुमत पुरते, वॉशिंग्टन राज्यात साठ टक्के मते लागतात, तर आयडाहोत दोन-तृतीयांश. या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. एकाच प्रकारचा प्रस्ताव अठ्ठावन्न टक्के मतांनी एका राज्यात सहज संमत होतो आणि दुसऱ्यात फेटाळला जातो. शिवाय सार्वत्रिक निवडणुकीपासून वेगळ्या दिवशी घेतलेल्या मतदानास अल्प मतदार येतात आणि त्यांत पालक व शाळा कर्मचारी यांचे प्रमाण अधिक असते, असा करदात्यांच्या संघटनांचा जुना आक्षेप आहे. तो निराधार म्हणता येत नाही.

कॅलिफोर्नियातील घडामोडी या वादाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. ६ जून १९७८ रोजी तेथील मतदारांनी तेरावा प्रस्ताव संमत करून मालमत्ता कराचा दर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि करपात्र मूल्यातील वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली. घरांच्या किंमती झपाट्याने वाढत असल्याने निवृत्त व ठराविक उत्पन्नाच्या घरमालकांना कर भरणे अशक्य होऊ लागले होते. हे बंड त्या भयातून उद्‌भवले. तथापि त्यामुळे स्थानिक कर्जरोख्यांची परतफेड करण्यासाठी जादा कर बसविण्याचा मार्गच बंद झाला. १९८६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा खुला झाला. मधल्या आठ वर्षांत लोकसंख्या वाढत राहिली, वर्ग मात्र वाढले नाहीत. लॉस अँजेल्समध्ये अनेक शाळा पाळ्यापाळ्यांनी वर्षभर चालविल्या जात आणि हजारो मुलांना बसने दूरच्या भागांत पाठविले जाई. मार्च २००० मध्ये साध्या बहुमताची मागणी करणारा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पंचावन्न टक्क्यांची अट घालणारा एकोणचाळिसावा प्रस्ताव संमत केला. त्याच्यासोबत काही बंधने आली : कामांची यादी आगाऊ प्रसिद्ध करणे, दरवर्षी लेखापरीक्षण करणे, प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही स्तरांच्या एकत्रित जिल्ह्यात कराचा अंदाजित भार मूल्याच्या दर लाख डॉलरमागे साठ डॉलरपेक्षा अधिक न होऊ देणे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमणे. या समितीवर करदात्यांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी असावाच लागतो आणि जिल्ह्याचा कर्मचारी किंवा ठेकेदार असून चालत नाही. समितीला खर्च थांबविण्याचा अधिकार मात्र नाही. ती केवळ पाहू व सांगू शकते.

लॉस अँजेल्सच्या जिल्ह्याने १९९७ ते २००८ या काळात पाच वेळा मतदारांकडून कर्जाची संमती मिळविली. त्यांतील शेवटचे एकटेच ७०० कोटी डॉलरचे होते. या पैशातून शंभराहून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी रॉबर्ट एफ्. केनेडी शाळासंकुल हे करदात्यांच्या रोषाचे प्रतीक ठरले. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची जेथे हत्या झाली, त्या अँबॅसडर हॉटेलच्या जागेवर सु. ४,२०० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले हे संकुल २०१० मध्ये उघडले, खर्च ५७.८ कोटी डॉलर झाला. हॉटेलच्या प्रसिद्ध नृत्यगृहाच्या धर्तीवर सभागृह रचण्यात आले. त्याच सुमारास मंदीमुळे जिल्हा शिक्षकांची कपात करीत होता, त्यामुळे ही तुलना अधिकच बोचरी ठरली. वास्तविक खर्चाचा मोठा भाग महानगराच्या मध्यवर्ती भागातील जमीन, तिच्यावरील दीर्घ न्यायालयीन वाद आणि ऐतिहासिक वास्तूविषयीच्या तडजोडी यांचा होता. भूकंपरोधक बांधणीचे नियमही खर्च वाढवितात. तथापि १९३३ च्या लाँग बीच भूकंपात शाळाच मोठ्या संख्येने कोसळल्या होत्या. तो संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर झाला म्हणून मुले वाचली. त्याच वर्षी झालेल्या फील्ड कायद्याने घातलेल्या अटींना उधळपट्टी म्हणणे योग्य होणार नाही. बेलमाँट येथील शाळेचे उदाहरण मात्र निराळे आहे. जुन्या तेलक्षेत्रावर बांधकाम सुरू झाल्यानंतर जमिनीतील मिथेन वायूचा आणि पुढे इमारतीखालील भूस्तरभंगाचा प्रश्न निर्माण झाला. काम थांबले, काही भाग पाडावा लागला आणि शाळा नव्या नावाने २००८ मध्येच उघडली. येथे दोष कर्जाच्या पद्धतीचा नव्हता, जागा निवडण्यापूर्वी न केलेल्या तपासणीचा होता.

टेक्ससमध्ये वाद मुख्यतः फुटबॉलच्या प्रेक्षागारांवरून होतो. हायस्कूलचा फुटबॉल सामना हा तेथील अनेक गावांचा शुक्रवारचा सामाजिक उत्सव असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय हा खर्च समजत नाही. डॅलसजवळच्या ॲलन या शहराने २००९ मध्ये ११.९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून सु. ६ कोटी डॉलरचे, १८,००० आसनांचे प्रेक्षागार २०१२ मध्ये उभे राहिले. दोन वर्षांच्या आतच काँक्रीटला तडे आढळल्याने ते बंद करावे लागले. २०१४ चा हंगाम संघाने इतरत्र खेळून काढला आणि २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले. देशभर टीका होऊनही शेजारच्या मकिनी येथील मतदारांनी २०१६ मध्ये २२ कोटी डॉलरचे, प्रेक्षागाराचा समावेश असलेले कर्ज संमत केले. ह्यूस्टनजवळच्या केटी जिल्ह्याचा अनुभव अधिक उद्‌बोधक आहे. २०१३ मध्ये ९.९ कोटी डॉलरचा, मुख्यतः प्रेक्षागारासाठी असलेला प्रस्ताव तेथे फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी प्रेक्षागार नव्या शाळांसह ७४.८ कोटी डॉलरच्या एकाच प्रस्तावात बांधून मतदारांपुढे आला आणि संमत झाला. ज्याला मुलांसाठी वर्ग हवे होते, त्याला प्रेक्षागारही घ्यावे लागले.

टीकाकार सहसा विचारतात, की एवढ्या पैशात किती शिक्षक नेमता आले असते. हा प्रश्न प्रभावी असला, तरी तो कायद्याच्या दृष्टीने चुकीच्या जागी विचारला जातो. रोख्यांचा पैसा वेतनावर खर्च करता येत नाही. टेक्ससमध्ये चालू खर्चाचा कर आणि कर्जफेडीचा कर हे पूर्णपणे वेगळे ठेवलेले आहेत. खरी मेख या विभागणीतच आहे. १९९३ पासून श्रीमंत जिल्ह्यांच्या चालू खर्चाच्या कराचा काही भाग राज्य काढून घेऊन गरीब जिल्ह्यांकडे वळविते. कर्जफेडीच्या करास मात्र ही कपात लागू नाही. शिक्षकासाठी कर वाढविला तर त्यातील डॉलर बाहेर जाऊ शकतो, इमारतीसाठी वाढविला तर तो गावातच राहतो. अशा स्थितीत स्थानिक मंडळांचा कल वीट-सिमेंटकडे झुकल्यास त्यात नवल नाही. चर्चेत हा मुद्दा फारसा येत नाही, कारण तो प्रेक्षागारासारखा डोळ्यांत भरणारा नसतो.

विषमतेचा प्रश्न यालाच जोडून येतो. करपात्र मालमत्ता विपुल असलेल्या जिल्ह्यात अल्प दरानेही मोठी रक्कम उभी राहते. जेथे ना कारखाने ना उंची घरे, तेथे जबर कर लावूनही छप्पर गळतच राहते. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘रूझवेल्ट विरुद्ध बिशप’ या खटल्यात, काही जिल्ह्यांत ग्रंथालय व प्रयोगशाळाही नाहीत आणि इतरांकडे बंदिस्त जलतरण तलाव व घुमटाकार प्रेक्षागारे आहेत हे नोंदवून, राज्याची इमारतखर्चाची पद्धती घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर तेथे १९९८ मध्ये राज्याने शालेय सुविधांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. सर्व राज्यांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप परतफेड लांबणीवर टाकणाऱ्या रोख्यांवर घेतला गेला. २००८ च्या मंदीनंतर घरांच्या किंमती कोसळल्या आणि कॅलिफोर्नियातील जिल्ह्यांना ठरलेल्या करमर्यादेत हप्ते भरणे अवघड झाले. तेव्हा अनेकांनी व्याजही मुद्दलात मिसळत जाऊन शेवटी एकदम फेडावयाचे रोखे काढले. सॅन डिएगो परगण्यातील पोवे जिल्ह्याने २०११ मध्ये १०.५ कोटी डॉलरचे असे कर्ज घेतले. त्याचा पहिला हप्ता २०३३ मध्ये व शेवटचा २०५१ मध्ये देय असून एकूण परतफेड सु. ९८ कोटी डॉलर होईल. कराचा दर वाढविणार नाही, हे आश्वासन मंडळाने मतदारांना दिले होते आणि ते शब्दशः पाळलेही. बोजा मात्र त्या वेळी पाळण्यात असलेल्या किंवा जन्मासही न आलेल्या करदात्यांवर गेला. ते रोखे मुदतीपूर्वी परत घेण्याची सोयही ठेवलेली नव्हती. २०१२ मध्ये एका स्थानिक वृत्तसंस्थेने हे आकडे प्रसिद्ध केल्यावर खळबळ उडाली. २०१३ च्या कायद्याने अशा रोख्यांची मुदत पंचवीस वर्षांवर आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर मर्यादित करण्यात आली. इमारतीच्या आयुष्याहून कर्जाचे आयुष्य अधिक असू नये, हे तत्त्व लॉस अँजेल्सनेही एकदा मोडले. २०१३ मध्ये तेथे रोख्यांच्या पैशातून विद्यार्थ्यांसाठी आयपॅड घेण्यात आले. काही वर्षांत निकामी होणाऱ्या वस्तूंसाठी दशकानुदशके व्याज भरण्याच्या या योजनेवर सर्व बाजूंनी टीका झाली आणि पुढील वर्षी ती सोडून देण्यात आली.

गरज खोटी आहे असे मात्र नाही. संघीय लेखापरीक्षण कार्यालयाने १९९५ मध्ये देशातील शाळा सुस्थितीत आणण्यास ११,२०० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज वर्तविला होता. त्याच कार्यालयाच्या २०२० च्या पाहणीनुसार सु. ४१ टक्के जिल्ह्यांना आपल्या निम्म्या किंवा अधिक शाळांतील तापन, वायुवीजन व वातानुकूलन यंत्रणा बदलणे वा सुधारणे आवश्यक होते. परंतु छतावरील यंत्रणेचे उद्‌घाटन समारंभपूर्वक होत नाही आणि तिच्यासाठी मते मागणे कठीण असते.

अर्थशास्त्रज्ञांनी हा वाद थोड्या मतांच्या फरकाने संमत व असंमत झालेल्या प्रस्तावांची तुलना करून तपासला आहे. सेलिनी, फेरेरा व रॉथस्टीन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात कर्ज संमत झालेल्या जिल्ह्यांत घरांच्या किंमती वाढल्याचे आढळले. म्हणजे वाढीव कर धरूनही खरीदार अशा जागी अधिक रक्कम मोजण्यास तयार होते. गुणवत्तेवरील परिणाम तितका ठळक नव्हता. बियाझी, लाफॉर्ट्यून व शोनहोल्त्झर यांच्या नंतरच्या, अनेक राज्यांवरील संशोधनाने या कोड्याची उकल बऱ्याच अंशी केली. वायुवीजनासारख्या मूलभूत दुरुस्त्या आणि घातक द्रव्ये काढून टाकणे यांवरील खर्चाने मुलांचे गुण वाढतात, पण घरांच्या किंमती वाढत नाहीत. क्रीडासुविधांवरील खर्चाने किंमती वाढतात, पण गुण वाढत नाहीत. प्रेक्षागारास मत देणारा घरमालक आपल्या हिशेबाने चुकत नाही. केवळ तो हिशेब विद्यार्थ्याचा नसतो.

टेक्ससच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये दोन बदल केले. हजाराहून अधिक आसनांचे प्रेक्षागार, जलतरण तलाव, कलाभवन यांसारख्या सुविधांसाठी मतपत्रिकेवर स्वतंत्र प्रस्ताव ठेवणे बंधनकारक झाले. तसेच प्रत्येक शालेय कर्जप्रस्तावासोबत ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे विधान ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करण्यात आली. कराचा दर प्रत्यक्षात बदलणार नसला तरीही. दुसऱ्या तरतुदीने मतदाराची दिशाभूल होते अशी जिल्ह्यांची तक्रार आहे. पहिलीमुळे मात्र वर्गखोल्या आणि प्रेक्षागार यांवर वेगवेगळे मत देणे मतदारास शक्य झाले.