तीन स्वरांची पुंजी

निवृत्तीनंतर आमच्या पनवेलच्या घरातील पेटीवरचे आच्छादन काढले, ते नातीला शिकवावे म्हणून. पहिल्याच आठवड्यात तिला सप्तकभर अलंकार घोटायला लावले. ती चुकली की थांबवायचे आणि पुन्हा आरंभापासून वाजवायला सांगायचे. खतावणीतील चूक लाल शाईने दाखवावी, तशी मी तिची प्रत्येक चूक दाखवीत असे. दीड महिन्यात तिने पेटीकडे पाहणेही सोडले. दोष तिचा नव्हता, माझा होता.

पुढे शेजारच्या कापड व्यापाऱ्यांचा अकरा वर्षांचा मुलगा शिकायला आला. "याला सुरातलं काही कळत नाही, काका, तरी बघा," असे वडील त्याच्या देखतच म्हणाले. या वेळी मी आरंभ एका फ्रेंच बालगीताने केला. 'ओ क्लेर द ला ल्यून', म्हणजे 'चांदण्याच्या उजेडात', हे ते जुने गीत. त्याचा कर्ता अज्ञात आहे. रात्री मेणबत्ती विझलेला एक जण मित्राकडे लेखणी उसनी मागतो, मित्र अंथरुणातूनच त्याला शेजारणीकडे धाडतो. बँकेत आयुष्य गेलेल्या मला हा उसनवारीचा प्रसंग विशेष आवडला.

परदेशी चाल आपल्या पेटीवर कशाला, असे कोणी विचारील. परंतु पेटीही मूळची तिकडचीच. १८४२ मध्ये पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता चालवण्याचे ते वाद्य भारतात हाताच्या भात्याचे झाले आणि बैठकीत स्थिरावले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी महाराष्ट्रात त्याला मानाचे स्थान मिळवून दिले.

गीताच्या चार ओळींपैकी पहिली, दुसरी आणि चौथी यांची चाल एकच आहे. तीत सा, रे, ग एवढेच तीन स्वर येतात. तीन बोटे एका जागी ठेवून भागते. एवढ्या पुंजीवर तीन चतुर्थांश गीत हाती येते. तिसरी ओळ मात्र मंद्र पंचमापर्यंत उतरते, म्हणून ती शेवटी शिकवावी. मुख्य ओळीचा हिशेबही चोख आहे : स्वर ११, मात्रा १६, म्हणजे त्रितालाचे बरोबर एक आवर्तन. आधी एकेका मात्रेचे चार स्वर, मग दोन-दोन मात्रांचे दोन, पुन्हा एकेका मात्रेचे चार आणि अखेरीस पूर्ण चार मात्रांचा षड्ज.

नवशिका चुकतो तो या षड्जावर. मुलगा तेथे थांबेना. चुकण्याच्या भीतीने घाईघाईने पुढची ओळ धरी. एके रात्री दुकान बंद करून वडील त्याला न्यायला आले. त्यांना म्हटले, "बसा, बोटांच्या पेरांवर सोळा मोजा." त्यांनी मोजले. बाप मोजतो आहे हे पाहून मुलगा प्रथमच तेराव्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंत थांबला. ओळ पुरी झाली. वडील काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून ते दहा मिनिटे आधी येऊ लागले.

याच गीताची एक कथा मी दोघांना सांगितली. एडिसनच्या फोनोग्राफपूर्वी १७ वर्षे, ९ एप्रिल १८६० रोजी, स्कॉट द मार्तँव्हिल यांनी काजळी धरलेल्या कागदावर या गीताच्या ध्वनीच्या रेषा उमटवल्या. तो आवाज परत ऐकवण्याची सोय त्यांच्या यंत्रात नव्हती. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्या रेषा संगणकाने ऐकू आणल्या, तेव्हा गाणारी मुलगी असावी असे वाटले. पुढे ध्यानात आले की वेग दुप्पट धरला गेला होता. गाणारा पुरुष होता, बहुधा स्वतः स्कॉटच, आणि तो अतिशय सावकाश गात होता.

घरात कोणी शिकत असेल, तर आरंभी स्वर थोडे द्यावेत आणि लय संथ ठेवावी. ओळ पुरी होईपर्यंत मध्ये टोकू नये. चूक नंतर सांगता येते. नातीला मी अद्याप 'पुन्हा बस' असे म्हटलेले नाही. परवा मुलगा तिसरी ओळ वाजवीत असता ती दाराशी थांबून ऐकत होती. मी मान वर केली नाही. भाता हलवीत राहिलो.