साचा आणि आधार

मूळ आधारावांचून कांहीं लिहावयाचें नाहीं, अशी टीकाकार मल्लिनाथाची प्रतिज्ञा होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची माहिती आतां विद्यार्थी प्रथम तेथेंच पाहतात. तेथें ही प्रतिज्ञा कशी पाळावी, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अनेक पानांवर लागणारा मजकूर एकदांच लिहून त्यास नांव देतात व तें नांव दुहेरी महिरपी कंसांत हव्या त्या पानावर घालतात. यासच साचा म्हणतात. समजा, जिल्ह्याची लोकसंख्या देणारा एक साचा नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांच्या पानांवर बसविला. साच्यांतील आंकडा बदलतांच सहाही पानें बदलतात. सोय मोठी खरी. परंतु प्रमादही सहापट होतो. म्हणून साच्यांतील विधानास आधार अधिकच अवश्य होय.

त्याची रीत अशी. विधानापुढें कोनी कंसांत ‘रेफ’ ही खूण उघडावी, तींत ग्रंथकार, ग्रंथ, वर्ष व पृष्ठ लिहावें आणि खूण मिटावी. (हा व्याकरणांतील र-कार नव्हे, संदर्भ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो संक्षेप आहे.) अनुक्रमांक आपोआप पडतो. पानाच्या शेवटीं ‘संदर्भयादी’ हा साचा ठेविला म्हणजे सर्व टीपा तेथें क्रमानें येतात. आम्हीं प्रथम ही यादी लोकसंख्येच्या साच्याच्या पोटांतच घातली. ती प्रत्येक पानाच्या मध्येंच उमटली! तेव्हां टीप साच्यांत व यादी पानाच्या शेवटीं, हा नियम ध्यानांत ठेवावा. साच्याच्या स्वतःच्या पानावर यादी हवी असल्यास, ती इतरत्र उमटूं नये यासाठीं असलेल्या खुणांच्या जोडींत ठेवावी.

आतां टीपेंत काय लिहावें? २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ आहे. येथें ती जनगणना हाच सरळ आधार. परंतु १९९१ चा आंकडा देतांना नुसतें ‘१९९१ ची जनगणना’ लिहून भागणार नाहीं. नंदुरबार जिल्हा धुळें जिल्ह्यांतून निघाला तो १ जुलै १९९८ रोजीं. १९९१ च्या ग्रंथांत तो शोधणारा वाचक रिक्तहस्तें परतेल. तालुक्यांची बेरीज केली असल्यास तसें टीपेंत सांगावें. त्याचप्रमाणें १८८० च्या गॅझेटियरांत आपला प्रदेश खानदेशच्या खंडांत आहे. १९०६ नंतर तो पश्चिम खानदेशांत गेला. टीपेंत ग्रंथावरचेंच नांव द्यावें, आजचें नव्हे. प्रकाशें येथील उत्खनन १९५५ चें, पण थापर यांचा वृत्तांत ‘एन्शंट इंडिया’च्या १९६४-६५ च्या अंकांतला, दोन्ही वर्षें निराळीं लिहावीं.

टीपेनें विधान कोठून घेतलें एवढेंच कळतें. तें खरें ठरतेंच असें नाहीं. नंद गवळ्यानें नंदुरबार वसविलें, या आख्यायिकेस दहा टीपा जोडिल्या तरी ती आख्यायिकाच राहते. आणि जो ग्रंथ आपण स्वतः पाहिला नाहीं, त्याचें नांव दुसऱ्याच्या टीपेवरून उचलूं नये. ज्या पुस्तकांत तें नांव पाहिलें, त्याचें द्यावें.

आपल्या वाक्यापुढें कोणी ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली तर रागावूं नये. आधार सांपडल्यास द्यावा. न सांपडल्यास वाक्य काढून घ्यावें. साच्यांतील असल्यास त्या एका दुरुस्तीनें सहा पानें शुद्ध होतात.